भाव नंतर, आधी काटा

आमच्या शिरोळ तालुक्यात ऊस कारखान्याला निघाला की आण्णा ट्रॅक्टरच्या मागोमाग मोटारसायकल काढायचे. भरलेली ट्रॉली काट्यावर चढायची, आकडा पडायचा. ऊस गव्हाणीत टाकून रिकामी ट्रॉली परत काट्यावर, मग वजाबाकी आणि हातात पावती. ती पावती खिशात घालण्याआधी ते दोनदा वाचायचे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाणारे, भावासाठी रस्त्यावर बसणारे आण्णा घरी मात्र वेगळंच बोलायचे. "भाव काय, सगळ्यांना एकच मिळतोय. काट्याकडं कुणाचं ध्यान असतंय?"

मी कोल्हापुरात आर्टिकलशिप करून सीए झाले, मुंबईला आले आणि एका शेअर दलाली कंपनीत रिसर्चला लागले. जून २००७. तेव्हापासून सिमेंट, साखर, औषधं आणि बँका असे चार उद्योग मी कव्हर केले. आमच्या धंद्यातला हा शब्द. अमुक कंपनी कोण कव्हर करतं, म्हणजे तिचे हिशेब कोण वाचतं, पुढच्या दोन-तीन वर्षांचा नफा कोण मांडतं आणि शेअर घ्या की विका हे स्वतःच्या नावाने कोण लिहितं. गावाकडे हे समजावताना मी दमते. "म्हणजे तू शेअर घेत न्हाईस?" नाही. "विकत न्हाईस?" नाही. "मग पगार कशाचा?"

ऑफिस फोर्टात होतं, हॉर्निमन सर्कलपासून चार पावलांवर, लिफ्टचं जाळीचं दार हाताने ओढायला लागायचं अशा इमारतीत. सव्वाआठला सकाळची मीटिंग असायची. बाजार तेव्हा ९:५५ ला उघडायचा, त्यामुळे मधल्या वेळात सेल्सची मंडळी आमचं म्हणणं फोनवरून फंड मॅनेजरांच्या गळी उतरवायची. २०१० च्या जानेवारीत बाजार लवकर उघडायला लागला आणि डोंबिवलीकरांची झोप आणखी कमी झाली, ते वेगळं.

पहिले सहा महिने मी फक्त एक्सेल भरलं. कंपनीचं मॉडेल म्हणजे एकमेकांना जोडलेली दहा-बारा पानं : खप, दर, खर्च, कर्ज, व्याज, कर आणि शेवटी प्रति शेअर नफा. रिवाज असा की आपण बाहेरून आणून टाकलेला आकडा निळ्या अक्षरात आणि सूत्राने आपोआप आलेला काळ्या अक्षरात. माझे साहेब शेवटचा नफा बघायचेच नाहीत. फाइल उघडायचे, निळ्या आकड्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हे निळं कुठून आणलं?" मला घाम फुटायचा. ऑडिटमध्ये शंभर रुपयांच्या व्हाउचरवर सही नसली तरी मी अडून बसायचे आणि इथे शेजारचा मुलगा पुढच्या वर्षीचा सिमेंटचा खप 'नऊ टक्के वाढेल' असं धरून मोकळा व्हायचा. नऊच का? "मागच्या वर्षी नऊ होता."

ऑक्टोबर २००७ मध्ये सेन्सेक्सने वीस हजारांना हात लावला. बाजार एवढ्या वेगाने चढत होता की आमची टार्गेटं मागे पडायची. टार्गेट म्हणजे वर्षभरात शेअर कुठे जाईल तो आकडा, पुढच्या नफ्याला ठरावीक पटीने गुणून काढलेला. मग काय करायचं? पुढच्या वर्षीच्या नफ्याऐवजी त्याच्या पुढच्या वर्षीचा नफा धरायचा. कंपनीत काडीचा फरक नाही, नुसता रकाना एक घर उजवीकडे सरकला की टार्गेट वर. २१ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला, दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवहार तासभर थांबवावे लागले. मग तोच रकाना डावीकडे सरकायला लागला. मी नवखी होते, पण निळं कुठून येतं हे तेव्हा थोडं समजलं.

वर्षअखेरीपर्यंत आमच्या रिसर्चमधली निम्मी माणसं घरी गेली. माझा पगार कमी, म्हणून मी राहिले. सिमेंटचे सीनियर सोडून गेले आणि त्यांच्या कंपन्या माझ्या गळ्यात पडल्या. आमच्या क्षेत्रात बढती बऱ्याचदा अशीच होते. खुर्ची रिकामी होते आणि तुम्ही जवळ उभे असता.

सिमेंट हा शिकण्यासाठी फार चांगला उद्योग. माल एकच, पोतं पन्नास किलोचं, वीस पोत्यांचा टन. पोत्यामागे दहा रुपये वाढले की टनामागे दोनशे. कर आणि विक्रेत्याचा वाटा वजा केला तरी उरलेलं जवळजवळ सगळं नफ्यात, कारण चुनखडी, कोळसा, वीज यांचा खर्च दर वाढला म्हणून वाढत नाही. माल जड आणि त्यामानाने स्वस्त, त्यामुळे फार लांब नेला की भाडंच नफा खातं. म्हणून भारतात सिमेंटचा एक बाजार नाही, पाच-सहा आहेत. नागपुरात तेजी आणि चेन्नईत मंदी एकाच महिन्यात असू शकते.

दर महिन्याच्या शेवटी मी वीस-पंचवीस विक्रेत्यांना फोन करायचे. याला चॅनेल चेक म्हणतात. पहिलं वर्षभर मी ते सांगतील तो दर लिहून घेतला. मग नागपूरच्या एका विक्रेत्याला माझी दया आली असावी. म्हणाला, "मॅडम, हा बिलावरचा दर. महिनाअखेरीला कंपनी आम्हाला किती परत देते ते तुम्ही कधी विचारलंच नाही." म्हणजे वर्षभर मी पावती वाचली होती, काटा नाही.

२०११ च्या पावसाळ्यानंतर मी चंद्रपूर जिल्ह्यात गेले. कंपनीची परवानगी घेऊन प्लँट बघायचा तर फुलांचा गुच्छ, हेल्मेट आणि स्लाइड शो मिळतो. मी गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस बसले आणि ट्रक मोजले. मोजणीतून फारसं काही निघालं नाही, पण ड्रायव्हर बोलायला लागले. एक जण सहज बोलून गेला की पूर्वी माल भरायला दोन-दोन दिवस रांगेत झोपावं लागायचं, आता सकाळी आलं की दुपारी गाडी बाहेर. त्याला बरं वाटत होतं. मला कळलं की खप घसरलाय.

मुंबईला येऊन मी खपाचा आकडा कापला आणि आयुष्यातला पहिला 'विका' असा रिपोर्ट लिहिला. सेल-साइडला, म्हणजे आमच्यासारख्या दलाली कंपन्यांमध्ये, 'विका' लिहिणारे थोडे असतात. याचं कारण मला पुढच्या तिमाहीत कळलं. कंपनीच्या गुंतवणूकदार विभागातले गृहस्थ फोन उचलेनासे झाले. निकालानंतरच्या कॉनकॉलवर, म्हणजे कंपनी सगळ्या अ‍ॅनालिस्टशी एकत्र बोलते त्या फोनवर, प्रश्न विचारायचा तर फोनवर स्टार आणि एक दाबून रांगेत थांबायचं असतं. मी दाबलं. तासभर थांबले. माझ्यामागून आलेल्यांचे प्रश्न होऊन गेले, माझा नंबर लागलाच नाही. वेळेअभावी कॉल संपवत आहोत, धन्यवाद.

आणि शेअर? वर गेला. खप माझ्या म्हणण्याप्रमाणे पडला, पण दर पडले नाहीत, उलट वाढले. कारखाने निम्म्या-पाऊण क्षमतेवर चालत असताना पोत्याचा भाव चढतो कसा, हे मी सहा महिने साहेबांना समजावू शकले नाही. जून २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमताच्या आरोपावरून एकूण सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्या आदेशात हेच कोडं मांडलं होतं : वापरात नसलेली क्षमता आणि तरी चढे दर. प्रकरण पुढे अपिलांत वर्षानुवर्षं चाललं. साहेबांनी आदेशाची प्रत माझ्या टेबलावर ठेवली, एवढंच.

यानंतर साखर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मी सर्वांत मोठी माती इथे खाल्ली.

साखरेवरच्या सरकारी नियंत्रणांबद्दलचा डॉ. रंगराजन समितीचा अहवाल ऑक्टोबर २०१२ मध्ये आला आणि एप्रिल २०१३ मध्ये केंद्राने लेव्ही साखर रद्द केली. त्याआधी प्रत्येक कारखान्याला दहा टक्के साखर सरकारला स्वस्तात द्यावी लागायची आणि बाकीची किती, केव्हा विकायची तेही सरकारच ठरवायचं. ते दोन्ही गेलं. ऑफिसात विचारलं गेलं, साखर कोण घेणार? मी हात वर केला. पाचव्या वर्षापासून काटा बघितलेला, आडसाली काय नि खोडवा काय हे झोपेत सांगू शकणारी मुंबईच्या रिसर्चमध्ये दुसरी कोण होती? पंचेचाळीस पानी रिपोर्ट लिहिला. साखर मुक्त झाली, कारखान्यांना आता माल हवा तेव्हा विकता येईल, वीज आणि इथेनॉलचं उत्पन्न वेगळं. चार कंपन्या, चारही 'घ्या'.

रिपोर्ट छापून आल्यावर कौतुकाने आण्णांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "साखर सुटली म्हणतीस. पर ऊस सुटला काय?"

मी हसले. समजायला दीड वर्ष लागलं.

ऊस सुटला नव्हता. कच्च्या मालाचा भाव सरकार ठरवत होतं आणि तो खाली येत नाही. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, २०१२-१३ ला क्विंटलला १७० रुपये होती, पुढच्याच वर्षी २१०, मग २२०, २३०. साखरेचा भाव मात्र आता खरोखरच मोकळा होता, आणि मोकळा भाव खालीही जातो. जगात साखर उदंड झाली होती. २०१५ च्या उन्हाळ्यापर्यंत कारखान्यातून निघणाऱ्या साखरेला उत्पादनखर्चही मिळेना. ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशापासूनचा नियम, पण देशभरात शेतकऱ्यांची थकबाकी वीस हजार कोटींच्या वर गेली. त्यात आण्णांचाही हप्ता होता. मी ज्याला मॉडेलमध्ये 'देणी' म्हणून कंपनीच्या सोयीचा रकाना मानत होते, त्या रकान्यात माझा बाप उभा होता.

पण माझी खरी चूक याहून वेगळी होती आणि ती कबूल करायला आणखी जड जातं. शेअर बाजारात ज्या साखर कंपन्यांचे मोठे व्यवहार होतात त्यांतल्या बहुतेक उत्तर प्रदेशातल्या. आमच्याकडचे कारखाने बरेचसे सहकारी, ते बाजारात नाहीतच. तिकडे एफआरपीला कुणी विचारत नाही. राज्य सरकार आपला वेगळा भाव जाहीर करतं आणि तो तेव्हा ओळीने काही हंगाम क्विंटलला २८० रुपये होता. कोल्हापूरचा उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, बारा टक्क्यांच्या आसपास, तिकडचा त्याहून बराच कमी. म्हणजे उसाला जास्त भाव देऊन त्यातून कमी साखर काढायची. मी मांडला होता कोल्हापूरचा कारखाना, आणि शिक्का मारला होता मुझफ्फरनगरच्या कंपनीवर. ज्याला उसातलं काहीच कळत नव्हतं असा कुणी मद्रासी किंवा पंजाबी मुलगा असता तर तो आधी तिकडची गाडी पकडून गेला असता. मला सगळं येत होतं, म्हणून मी गेले नाही.

२०१५ मध्ये साखरेचं कव्हरेज आम्ही बंद केलं. आणि मग शेअर चढायला लागले. तिकडच्या शेतकऱ्यांनी 'को ०२३८' नावाचं उसाचं वाण उचललं होतं. कर्नालच्या ऊस संशोधन केंद्रात तयार झालेलं हे वाण पसरत गेलं तसा उत्तर प्रदेशचा उतारा वर सरकत गेला. त्याच सुमारास महाराष्ट्रात पाऊस रुसला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मिरज आमच्या घरापासून तासाभराच्या आत. टीव्हीवर ती गाडी बघत होते आणि शेजारच्या टेबलावरचा, आता दुसऱ्या कंपनीत गेलेला, मित्र फोनवर सांगत होता, "महाराष्ट्रातलं उत्पादन निम्म्यावर येईल, यूपीवाल्यांना सोन्याचे दिवस." तो चूक नव्हता. २०१६-१७ च्या हंगामात राज्यात जेमतेम बेचाळीस लाख टन साखर झाली. तिकडच्या कंपन्यांचे शेअर काही पटींत वाढले. एका ठिकाणचा दुष्काळ दुसऱ्या ठिकाणचा नफा असतो, हे मॉडेलमध्ये एका निळ्या आकड्याचं काम आहे. टाकायला एक सेकंद लागतो.

मधल्या काळात सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे, रिसर्च अ‍ॅनालिस्ट नियम आले, २०१४ मध्ये. नोंदणी, परीक्षा, रिपोर्टच्या शेवटी दोन पानं खुलासे. ज्या कंपनीवर लिहायचं तिचा शेअर रिपोर्टच्या तीस दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत स्वतः घ्यायचा-विकायचा नाही. पस्तिशीच्या उंबरठ्यावर, मूल मांडीवर, नोंदणीसाठीची एनआयएसएमची परीक्षा दिली. गावातल्या लोकांना मात्र हा नियम पटत नाही. जत्रेला गेलं की कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतंच, "एखादा सांग की. घरातलाच हाय मी."

दिवाळीचंही इथेच सांगून टाकते. सप्टेंबर तिमाहीचे निकाल पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असतात, म्हणजे चौदा नोव्हेंबरपर्यंत. दिवाळी नेमकी त्यातच येते. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी ओवाळलं आणि ताटातलं निरांजन विझायच्या आत लॅपटॉप उघडला. सासूबाईंनी काही म्हटलं नाही. अजूनही म्हणत नाहीत, फक्त दरवर्षी फराळाचा डबा लॅपटॉपच्या शेजारी आणून ठेवतात.

औषधांकडे मी साखरेतून पळून आले असं म्हटलं तरी चालेल. इथे बाप-आजोबांचं ज्ञान काही नव्हतं, त्यामुळे शून्यापासून शिकले आणि बरं शिकले. आपल्या बऱ्याच मोठ्या औषध कंपन्यांचा मोठा नफा अमेरिकेतून येतो. तिथे एखाद्या औषधाच्या पेटंटला पहिल्यांदा आव्हान देऊन त्याची नक्कल आणणाऱ्याला १८० दिवसांची मक्तेदारी मिळते. ते सहा महिने पैसा धो धो येतो. मी सुरुवातीला त्या नफ्यालाही नेहमीच्या पटीने गुणलं, जणू तो दरवर्षी येणार आहे. लग्नात आलेल्या आहेरावर कुणी घराचे हप्ते ठरवत नाही, पण एक्सेलमध्ये ते सहज होऊन जातं.

खरी भीती यूएसएफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध प्रशासनाची. त्यांचे निरीक्षक कारखान्यात येतात, आठवडाभर कागद आणि संगणक तपासतात आणि जाताना फॉर्म ४८३ वर दोष लिहून देतात. कंपनीने पंधरा कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. समाधान झालं नाही तर वॉर्निंग लेटर, त्यापुढे त्या कारखान्याच्या मालाला अमेरिकेत बंदी. त्या वर्षांत अनेक ठिकाणी सापडणारा दोष एकच जातीचा होता : चाचणीचा नको असलेला निकाल पुसायचा, चाचणी पुन्हा घ्यायची आणि चांगला आलेला निकाल तेवढा ठेवायचा. हे मी सुट्टीत आण्णांना सांगितलं. अमेरिका, एफडीए, डेटा इंटिग्रिटी, पाच मिनिटं बोलले. त्यांनी तंबाखू मळत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे काटामारीच की."

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका कंपनीने आम्हा दहा-बारा अ‍ॅनालिस्टना कारखाना दाखवला. डोक्याला जाळी, पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या, काचेपलीकडे चकचकीत यंत्रं. जेवायला किंगफिश. बाहेर पडल्यावर मी वहीत काय लिहिलं होतं? 'स्वच्छ.' त्यापेक्षा कामाची गोष्ट मला ऑफिसात बसून सापडली. कुठलं औषध कुठल्या कारखान्यात बनतं हे कंपन्या वार्षिक अहवालात सांगत नाहीत. पण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या औषधांची लेबलं डेलीमेड नावाच्या सरकारी संकेतस्थळावर असतात, आणि लेबलावर बऱ्याचदा कुठे बनलं तेही बारीक अक्षरात असतं. तीन आठवडे मी रात्री लेबलं वाचली. कंपनी, औषध, गाव, अशी एक यादी तयार झाली.

वर्षभराने त्यातल्या एका कंपनीच्या, दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला ४८३ मिळाला. कॉनकॉलवर सांगण्यात आलं, अमेरिकेतल्या विक्रीत या कारखान्याचा वाटा किरकोळ. माझ्या यादीत त्यांच्या सहा मोठ्या औषधांपैकी तीन त्याच गावची होती. त्याच संध्याकाळी मी रेटिंग उतरवलं. माझा अंदाज बरोबर ठरलेले प्रसंग मोजायचे तर दोन हातांची बोटं पुरतात. हा त्यातला पहिला.

तोवर सेल-साइडचं पाणी आटत चाललं होतं. दलालीचे दर घसरत होते. फंडांनी गुंतवणूकदारांवर टाकायच्या दलालीवर सेबीची मर्यादा होती, शंभर रुपयांना बारा पैसे. एक उद्योग बघणाऱ्याने दोन बघावेत, दोन बघणाऱ्याने तीन. २०१७ मध्ये मी लोअर परळला एका विमा कंपनीच्या गुंतवणूक विभागात गेले, म्हणजे बाय-साइडला. इथे रिपोर्ट छापत नाहीत, सव्वाआठची मीटिंग नाही, टीव्हीवर चेहरा नाही. पण इथे मी म्हटलं 'घ्या' की खरोखरच पॉलिसीधारकांचे पैसे जातात. पहिल्या महिन्यात मी इतकं कमी बोलले की बॉसना वाटलं, मला येत नाही.

वाट्याला बँका आल्या. आणि इथे मला पहिल्यांदा काटाच सापडेना. सिमेंटचा ट्रक तोलता येतो, औषधाला लेबल असतं. बँकेचा माल म्हणजे दिलेलं कर्ज, आणि त्यातलं चांगलं किती, वाईट किती हे सांगते बँकच. नव्वद दिवस हप्ता आला नाही तर एनपीए, म्हणजे थकलेलं कर्ज, हा नियम. पण एकोणनव्वदाव्या दिवशी त्याच माणसाला नवं कर्ज देऊन जुन्याचा हप्ता भरून घेतला तर? काट्यावर ट्रॉली चढवणारा आणि आकडा वाचणारा एकच. रघुराम राजन गव्हर्नर असताना २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाऊन मोठी कर्जं पुन्हा तोलली, त्यानंतरच्या तिमाहींत सरकारी बँकांचे नफे कसे कोसळले ते सगळ्यांनी बघितलं. एप्रिल २०१७ पासून, रिझर्व्ह बँकेच्या आणि बँकेच्या आकड्यात ठरावीक मर्यादेपलीकडे फरक असेल तर तो जाहीर करणं बंधनकारक झालं. वार्षिक अहवालाच्या मागच्या बाजूला, परिशिष्टात, छोटा तक्ता असतो. कुठल्याही बँकेचा अहवाल आला की मी तो तक्ता आधी उघडते, अध्यक्षांचं पत्र कधीच नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी आयएल अँड एफएस बुडाली, जिला काही आठवड्यांपूर्वीपर्यंत सर्वोच्च पतमानांकन होतं. तेव्हा या सवयीला ऑफिसात थोडा मान मिळाला.

ऑगस्ट २०१९. कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. आमच्या घरात खिडकीच्या चौकटीपर्यंत पाणी होतं, आई-आण्णा जयसिंगपूरला मामाकडे. पाणी ओसरल्यावर मी गेले. गल्लीत चिखल, गाद्या, भिजलेलं धान्य, आणि तो वास. चौथ्या दिवशी मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला मुलगा मोटारसायकलवर आला. बायका गटाने कर्ज घेतात, आठवड्याला हप्ता. त्या देवळाच्या पायरीवर जमल्या, पण पैशाचं कुणी बोलेना. एकीची म्हैस गेली होती, एकीचं शिलाई मशिन. तो मुलगा त्यांना दटावेल असं वाटलं. तो पायरीवर बसला. त्याचंही घर बुडालं होतं. मी विचारलं, किती गट तुझ्याकडे? किती जणींनी भरलं? त्याने वही दाखवली. रकाना कोरा होता.

मुंबईत परतले ती हा कोरा रकाना डोक्यात घेऊन. आमच्याकडे ज्या बँकेचे शेअर होते तिने सांगितलं होतं की पुराचा परिणाम नगण्य. मी विकण्याची टिपण्णी लिहायला घेतली, अर्धी लिहिलीही. मग मला साखर आठवली. उठले, चहा घेतला, बँकेची राज्यवार आणि जिथे मिळाली तिथे जिल्हावार कर्जाची विभागणी काढली. कोल्हापूर आणि सांगली मिळून दशांश चिन्हानंतरचा दुसरा आकडा हलत होता. बँक बरोबर बोलत होती. परिणाम नगण्य होता. टिपण्णी मी पुसून टाकली आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

कोविडबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी कोसळला, आठवडाभरात रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना स्थगितीची मुभा दिली आणि नव्वद दिवसांचा काटाच काही महिने बंद पडला. मॉडेलमध्ये काय टाकायचं हे कुणालाच कळत नव्हतं. आम्ही टाकत होतो.

आता माझ्या हाताखाली चार जण आहेत. साखर एका नागपूरच्या मुलीकडे दिली आहे. तिला पहिल्या महिन्यात मी मेरठ आणि मुझफ्फरनगरची तिकिटं काढून दिली. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने त्या हंगामापुरती बंदी घातली. शेअर पडले, ती धावत आली. "ताई, इथेनॉलच्या रकान्यात काय टाकू?" काही टाकू नकोस, म्हटलं, आठवडाभर थांब. आठवड्याने सरकारने बंदी थोडी सैल केली.

त्या दिवसांत आण्णांचा ऊस अजून शेतात उभा होता. तोडणीची टोळी आली नव्हती, तुरे यायला लागले होते. त्यांना आता मोटारसायकल झेपत नाही आणि डोळ्यांनी बारीक छपाई दिसत नाही. चुलतभावाचा मुलगा ट्रॅक्टरमागे जातो, पावतीचा फोटो काढून त्यांना पाठवतो आणि ते तो मला पुढे पाठवतात. जानेवारीत एका सकाळी, डिसेंबर तिमाहीचे निकाल ऐन भरात असताना, मीटिंगमध्ये फोन थरथरला. पावतीचा तिरका फोटो, खाली आण्णांचा आवाजी निरोप : "बघ जरा."

भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ. समोर कुणीतरी एका बँकेच्या व्याजाच्या उत्पन्नाबद्दल बोलत होतं. मी टेबलाखाली फोटो मोठा केला आणि वजाबाकी करून पाहिली. मग पुन्हा एकदा केली. बरोबर होती.